मौलालीच्या हातातलं तिकीट

सोलापूरच्या एसटी स्टँडवर सकाळी साडेअकराला माहेनूर शेख डेपोच्या खिडकीसमोर उभी राहिली, सही केली आणि मशीन हातात घेतलं. बॅटरी पाहिली, कागदाचा रोल पाहिला, तारीख पाहिली. मग शेजारच्या फळीवरून तिकिटांचा ट्रे उचलला. मशीननं भर रस्त्यात मान टाकलीच तर हातानं फाडून द्यायची छापील तिकिटं ज्यात असतात, ती ही पत्र्याची चपटी पेटी. रोज न्यायची आणि रोज न उघडता परत आणायची. तरी ती घेतल्याशिवाय निघता येत नाही.

तिकिटाचं मशीन हा तसा मोठा लहरी ऐवज. खिडकीवर असताना अगदी गुणाचं असतं. गाडी गच्च भरली, पोरं रडायला लागली, सुट्ट्यांवरून तोंडं सुरू झाली, की नेमका त्याच वेळी त्याचा कागद अडकतो. हल्ली त्याच्यावर काळ्या ठिपक्यांची ती चौकटही उमटते. मोबाइल समोर धरायचा की पैसे गेले. प्रवाशाकडून गेले एवढं नक्की; मशीनला पोचले का, हे कळेपर्यंत प्रवासी आणि कंडक्टर सोरेगावापर्यंत एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात. बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना शून्य रुपयांचं. पैसे घ्यायचे नसले तरी तिकीट मात्र द्यायचंच. गाडीत जितकी डोकी तितकी तिकिटं, यात कुणाचंही काही चालत नाही.

माहेनूरला हे सगळं शिकून सव्वा वर्ष झालं होतं. नोकरी अनुकंपेवर मिळालेली, म्हणजे वडिलांच्या जागी. मौलाली शेख याच डेपोत सत्तावीस वर्षं कंडक्टर होते. चार वर्षांपूर्वी, अशाच एप्रिलात, साडेबाराच्या सोलापूर–मंद्रूप गाडीत, हत्तूर आणि वडकबाळच्या मधे, ते आपल्या सीटवर बसल्या बसल्या गेले. आणि या सोमवारपासून माहेनूरला ड्यूटी लागली होती ती याच साडेबाराच्या गाडीची. चांगली महिनाभर.

मौलालींनाही शेवटची काही वर्षं मशीन वापरावं लागलं होतं, पण त्यांचा जीव होता तो ट्रेवर आणि पंचावर. पंच म्हणजे तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा. माहेनूर लहान असताना संध्याकाळी अब्बा दिसायच्या आधी त्यांचा पंच ऐकू यायचा. गल्लीच्या तोंडाशी आले की ते तो दोनदा दाबायचे. कटक्, कटक्. गाडी सोडायला कंडक्टर दोनदा घंटी मारतो ना, ती डबल बेल. ती ऐकली की अम्मी चहाचं आधण ठेवायची.

मग अब्बा खाकी शर्ट उतरवायचे आणि लालबी, म्हणजे माहेनूरची अम्मी, त्याचे खिसे दारात उलटे करून झटकायची. त्यातून रंगीत टिकल्या पडायच्या. तिकिटाला भोक पाडलं की कागदाचा जो बारीकसा गोल निघतो ना, त्या. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या. पैशापैशाच्या तिकिटांचे वेगवेगळे रंग असायचे. माहेनूर आणि धाकटी आरजू फरशीवर पालथ्या पडून त्या वेचायच्या आणि खळ लावून बाहुलीच्या ओढणीला चिकटवायच्या. अख्ख्या मोहल्ल्यात तशी ओढणी दुसऱ्या कुठल्या बाहुलीकडे नव्हती. पुढे मशीन आलं आणि टिकल्या बंद झाल्या. तेव्हा माहेनूर दोन दिवस रुसून बसली होती. अब्बाही रुसलेच होते, पण मोठ्या माणसाला तसं दाखवता येत नाही.

अब्बा तिला कामातलं फार काही शिकवून गेले नाहीत. आपली मुलगी गळ्यात चामड्याची बॅग अडकवून एसटीत उभी राहील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण एक गोष्ट ते जेवताना हमखास सांगायचे.

"गर्दीत कुणीतरी मागून म्हणतंच, मास्तर, माझं राहिलं. तेव्हा कितीबी दमलेला असू दे, उठायचं बेटा. ज्याचं राहिलं त्याला तिकीट द्यायचं."

*

साडेबाराची गाडी म्हणजे भर उन्हातली. स्टँडचं डांबर पातळ झालेलं, पाणपोईच्या नळाला गरम पाणी येत असलेलं. सिदू ड्रायव्हरनं स्टिअरिंगवर ओलं फडकं गुंडाळलं होतं. पंचावन्नच्या पुढचा माणूस, अब्बांबरोबर पंधरा वर्षं गाडी चालवलेला. बोलायला एकदम कमी.

माहेनूरनं दाराजवळच्या कंडक्टरच्या सीटवर रोजच्यासारखा ट्रे ठेवला, त्यावर डबा आणि पाण्याची बाटली ठेवली. बुकिंग, म्हणजे सगळ्यांची तिकिटं काढणं, संपेपर्यंत तिला बसायला उसंत नसायची, आणि संपल्यावरही या गाडीत त्या सीटवर बसायचं तिचं मन होत नव्हतं. अब्बांचं डोकं ज्या खिडकीला टेकलेलं सापडलं, ती खिडकी या गाडीची नव्हती हे तिला माहीत होतं. ती जुनी गाडी केव्हाच भंगारात निघाली. तरी माहेनूर आपली उभीच राहायची.

गाडीत चढणाऱ्यांत तात्याबा होता. मंद्रूपच्या पलीकडचा धनगर, ऐंशीच्या घरातला, एप्रिलातही खांद्यावर घोंगडी. तो नेहमी सगळ्यात मागच्या लांब बाकावर बसायचा, कारण घोंगडीला तिथं जागा मिळते.

"आधार कार्ड दाखवा बाबा," माहेनूर म्हणाली.

"काल बगितलं की! एका दिसात मी तरणा झालू व्हय?"

"नियम आहे बाबा."

"तुजा बाप न्हाय कधी इचारायचा. तोंड बगून तिकीट फाडायचा. कुटं जायचं ते बी इचारत न्हवता." तात्याबानं प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. "चांगला मानूस. माज्या म्हातारीला एकदा दवाखान्याच्या दारात उतरवलं त्यानं, गाडी थांबवून. ती अजून नाव काडती त्येचं."

अब्बांना ओळखणारं कुणी भेटलं की तिला बरंही वाटायचं आणि रडूही यायचं. तिनं शून्य रुपयांचं तिकीट काढून म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि पुढं सरकली.

आता इथं तिची खरी अडचण सांगायला हवी. ती अजून नोकरीत कायम झाली नव्हती. आणि दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका मार्गावर चेकिंगला तिच्या गाडीत एक बिनतिकिटाचा माणूस सापडला होता. त्यानं चक्क सांगितलं, मॅडम आल्याच नाहीत माझ्याकडं. मेमो मिळाला. डेपोच्या मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं की वडिलांकडं बघून एकदा सोडतो, पुन्हा एक डोकं जास्त निघालं तर घरी बसावं लागेल. घरी बसणं म्हणजे काय, ते माहेनूरला कळत होतं. अम्मीचे गुडघे गेलेले, आरजू बारावीत. तिघींच्या पोटाला हे एकच मशीन होतं.

आणि सोमवारपासून, रोज, तिच्या गाडीत एक डोकं जास्त निघत होतं.

बुकिंग संपलं की मशीन सांगतं, गाडीत किती तिकिटं चालू आहेत. मग कंडक्टर पुढून मागं डोकी मोजतो. सोमवारी मशीन म्हणालं सत्तावीस, माहेनूरनं मोजली अठ्ठावीस. तिला वाटलं, चुकलं. पुन्हा मोजली. अठ्ठावीस. तिनं प्रत्येकाला तिकीट दाखवायला लावलं. प्रत्येकानं दाखवलं. एकेकाचं तोंड बघावं तर सगळी ओळखीची, आत्ताच तिच्याकडून तिकीट घेतलेली. बेरीज करावी तर एक जास्त. मंगळवारी चौतीसला पस्तीस. बुधवारीही तसंच, गुरुवारीही तसंच. हत्तूर सुटलं की एक जास्त व्हायचं आणि वडकबाळचा सीना नदीचा पूल ओलांडला की हिशेब आपोआप जुळायचा. येताना मात्र काही नाही. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय? आधीच मेमो घेतलेली पोरगी, वर डोकीही मोजता येत नाहीत म्हणायचं?

*

आज शुक्रवार. हत्तूरला सात माणसं चढली. त्यांची तिकिटं काढेपर्यंत गाव मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापलेल्या ज्वारीची रानं, त्यावर ऊन नुसतं थरथरत होतं. गाडीतले लोक पेंगायला लागले. इंजिनाचा एकसुरी आवाज तेवढा चालू होता.

माहेनूरनं मशीनवर पाहिलं. एकतीस.

ती दारापासून मागं निघाली. ओठातल्या ओठात मोजत, एकेका बाकाच्या दांडीला हात लावत. दोन, चार, सात. उजवीकडं कॉलेजच्या तीन मुली, डावीकडं चादरीचं गाठोडं मांडीवर घेतलेला माणूस. एकोणीस, वीस. जसजशी ती मागं जात होती तसा एक वास येऊ लागला. जुन्या, न वापरलेल्या विहिरीत डोकावलं की येतो ना, तसा गार वास. शेवटच्या बाकावर तात्याबानं घोंगडी कानापर्यंत ओढून घेतली होती.

"काय झालं बाबा? ताप आलाय का?"

"न्हाय गं. हितं लई गारठा हाय की..." म्हातारा हळूच म्हणाला. "वडकबाळ आलं की जातंय. रोजचंच हाय."

एकोणतीस. तीस. एकतीस.

बत्तीस.

माहेनूर मागं वळली. आता पुन्हा पुढून सुरुवात करायची. तिनं एक पाऊल टाकलं असेल नसेल, तेवढ्यात अगदी पाठीमागून, मानेजवळून, कुणीतरी म्हणालं. आवाज बाईचा होता की पुरुषाचा, ते तिला नंतर कितीही आठवून सांगता आलं नाही.

"मास्तर... माझं राहिलं..."

तिचा अंगठा मशीनच्या बटणावर गेला. सव्वा वर्षात तो इतका सरावला होता की त्याला कुणी सांगावं लागत नसे. तोंडातून पुढचा शब्द निघायचाच बाकी होता. कुठं जायचं, एवढं विचारलं की झालं.

आणि पुढून, दाराच्या बाजूनं, आवाज आला.

कटक्. कटक्.

माहेनूर जिथं होती तिथं खिळली. तो आवाज तिनं हजार संध्याकाळी ऐकला होता. गल्लीच्या तोंडाशी, अंधार पडता पडता, चहाच्या वासाबरोबर. तिचे डोळे एकदम भरून आले आणि भीती वाटायच्या आधी तिला अब्बांची आठवण आली. ती वळली नाही. मागं कोण आहे ते तिनं पाहिलं नाही. ती आवाजाच्या दिशेनं पुढं चालत गेली, आणि त्याच वेळी सिदूनं करकचून ब्रेक दाबला.

रस्त्यात चेकिंगची जीप आडवी उभी होती.

*

शरणबसव साहेब गाडीत चढले. उंच, कपाळावर विभूती, रिटायर व्हायला दोन महिने उरलेले. अक्कलकोटकडचे, त्यामुळे मराठी बोलतानाही मधूनच कानडी यायचं; लेकीच्या वयाच्या पोरींना ते यव्वा म्हणायचे. डेपोत त्यांचा दरारा होता. त्यांच्या हातून अर्धं तिकीटसुद्धा सुटलं नाही, असं सगळे म्हणायचे.

"मशीन बघू."

माहेनूरनं मशीन पुढं केलं. एकतीस, त्यांनी वाचलं आणि मोजायला सुरुवात केली. चेकर मोजतो तसं, पेनाच्या टोकानं, ओठ न हलवता. दारापासून मागं गेले. मागून पुन्हा दारापाशी आले. प्रत्येकाचं तिकीट पाहिलं. गाडी उन्हात तापत उभी होती आणि माहेनूर मनातल्या मनात अम्मीला कसं सांगायचं ते जुळवत होती. आज मेमो नाही, आज थेट घरी.

"बत्तीस," साहेब म्हणाले.

साहेबांनी पुन्हा एकदा पेन उचललं. दाराजवळच्या सीटपाशी ते थांबलं. तिथंच थांबलं. साहेब त्या सीटकडं बघत राहिले, बराच वेळ. त्यांच्या चेहऱ्यावरचा चेकर हळूहळू निघून गेला आणि खाली नुसता एक थकलेला माणूस उरला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली.

"एकतीसच," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माझं चुकलं. कंडक्टरला मोजत नसतात, यव्वा."

आणि मशीन तिच्या हातात देऊन ते समोरच्या बाकावर बसले. जीप रिकामीच मागून आली.

*

मंद्रूपला स्टँडबाहेरच्या लिंबाखाली तिघांनी चहा घेतला. माहेनूर रडून मोकळी झाली होती. खरं सांगायचं तर तिला इतकं हलकं चार वर्षांत वाटलं नव्हतं. अब्बा आहेत. ते जास्तीचं डोकं अब्बांचं आहे. आपण वेड्यासारखे घाबरत होतो.

"अब्बा कसे दिसत होते, सर?"

"तसाच," शरणबसव म्हणाले. "बाही दुमडलेली. पंच हातात. माझ्याकडं बघून हसला नाही, रागावलाबी नाही. मागं बघत होता. गाडीच्या शेवटच्या टोकाकडं." त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. "तो गेला त्या दिवशी गाडी तपासायला मीच आलो होतो. मशीनची बॅटरी उतरली होती, म्हणून ट्रेवर बुकिंग केलं होतं त्यानं. मी मोजलं. तिकिटं फाटली बत्तीस, माणसं एकतीस. बत्तिसावं त्याच्या हातात होतं. फाडलेलं, पंच केलेलं. कुणालाच दिलेलं नव्हतं. कुणी माझं आहे म्हणून पुढंबी आला नाही. मी ते तुझ्या अम्मीला दिलं."

"आहे," माहेनूर म्हणाली. "डब्यात जपून ठेवलंय."

सिदूनं ग्लास खाली ठेवला.

"मी सांगू का, पोरी? कुनाला बोललू न्हाय आजवर. हत्तूर सोडल्यावर तो येऊन बसला हुता आपल्या जागंवर. सगळं झालं म्हनाला, सिदू, आता निवांत. मग मागनं कुनीतरी हाक मारली. मला पुढं ड्रायवरच्या शिटापत्तुर आईकू आली, यवढ्या इंजनाच्या आवाजात. तो उटला, मागं गेला. परत आला तवा तोंड पांडरं पडलेलं. तिकीट हातातच. म्हनाला, सिदू, देऊ नये वाटतंय रे... आन बसला. मी वडकबाळला डबल बेलची वाट बगत थांबलू. बेल काय आली न्हाय."

"काय हाक मारली?" साहेबांनी विचारलं.

"मास्तर, माजं राह्यलं."

माहेनूरनं मागच्या बाकापाशी काय ऐकलं, ते ती या दोघांना बोललेली नव्हती. आणि आत्ता तिच्या ध्यानात दुसरीच गोष्ट आली. ती इतकी साधी होती की आधी कशी सुचली नाही, याचं तिला नवल वाटलं.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही कंडक्टरची सीट धरून बत्तीस मोजलीत ना?"

"हौदु, होय. तिथं तो बसला होता की."

"मी ती सीट मोजतच नाही. तिथं माझा ट्रे असतो. मी ती सोडून मोजते... आणि माझी पण बत्तीसच झाली."

साहेबांना अब्बा दिसले होते, पण दुसरं कुणी दिसलं नव्हतं. तिला अब्बा दिसले नव्हते. मग सोमवारपासून ती रोज ज्याला मोजत होती, तो कोण?

शरणबसवांनी टोपी डोक्यावर घातली. उठताना ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "बुकिंग हत्तूरच्या आत संपव. हत्तूर सुटलं की मागं जाऊ नको. कुणी कितीबी हाका मारू दे... जाऊ नको, यव्वा."

*

संध्याकाळी माहेनूर घरी आली तेव्हा लालबीनं चहा टाकलाच होता. हल्ली ती आवाजाची वाट न बघता घड्याळ बघून टाकायची. माहेनूरनं खाकी शर्ट काढून दिला आणि अम्मी सवयीनं दारात बसून त्याचे खिसे उलटे करू लागली.

"तू पण ना," अम्मी हसत म्हणाली. "अब्बाच्या वरची झालीस. मला सांगितलं पण नाहीस."

"काय सांगितलं नाही?"

लालबीनं कोनाड्यातली वाटी काढून तिच्यासमोर धरली. वाटीत चार गुलाबी टिकल्या होत्या. आणि तिच्या तळहातावर, आत्ताच खिशातून निघालेली, पाचवी.

"सोमवारपासून रोज एक निघती. मला वाटलं, ट्रे उघडून पंच करतीस गंमत म्हणून. बापाची याद आली असंल. मी ठेवून दिल्या, आरजूला दाखवायला."

माहेनूरनं एक टिकली बोटाच्या टोकावर घेतली. आता ट्रेमधली तिकिटं गुलाबी नसतात. हा गुलाबी रंग तिनं शेवटचा पाहिला होता तो एकाच कागदावर.

"अम्मी, तो डबा काढ."

बिस्किटांचा जुना डबा कपाटाच्या वरच्या फळीवर होता. त्यात अब्बांचा बिल्ला, त्यांचा चष्मा आणि चार घड्या घातलेल्या रुमालात ते तिकीट. माहेनूरनं ते उलगडलं आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडासमोर धरलं. दोन बोटं रुंदीचा गुलाबी कागद. त्याला एका कोपऱ्यात एक भोक होतं, हे या घरातल्या प्रत्येकीला पाठ होतं.

आता सहा भोकं होती. एका ओळीत, सारख्या अंतरावर, एकही वाकडं नाही. अब्बांचं काम नेहमीच नेटकं असायचं.

लालबीचे डोळे मोठे झाले आणि मग हळूच पाणावले. तिनं कागदाला न शिवता त्याच्यावरून हात फिरवला. "तुझे अब्बाच आहेत बेटी," ती म्हणाली. "तुझ्या पाठीशी उभे आहेत. मी म्हणत नव्हते?"

माहेनूरनं मान हलवली. अम्मी म्हणाली ते खोटं नव्हतंच. अब्बा रोज साडेबाराच्या गाडीत बसत होते. कुणीतरी मागून म्हणत होतं, माझं राहिलं, आणि मुलीनं मागं जाऊन तिकीट द्यायच्या आधी ते स्वतःच, त्याच एका तिकिटाला, आणखी एक भोक पाडत होते. दे म्हटलं तर देत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. नुसतं एक दिवस पुढं ढकलत होते. तिला अब्बांची माया दाटून आली.

मग तिनं नख लावून कागदावरची मोकळी जागा मोजली. फार दाटीवाटीनं पाडली तर आणखी तीन भोकं बसली असती. तिच्या ड्यूटीचे तीन आठवडे बाकी होते. तिकिटावरची जागा संपल्यावर तो मागचा आवाज कुणाकडं तिकीट मागणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिनं तिकीट रुमालात गुंडाळलं, डबा बंद केला आणि अम्मीला विचारलं, उद्याचा शर्ट वाळला का.

"केव्हाच," लालबी म्हणाली. "खिसे पण रिकामे करून ठेवलेत."